दाबा, धरा, सोडा

रविवारी सकाळी सातला कुंपणापलीकडून "गुरुजी, मोकळं हाय का?" अशी हाक आली की आधी माझा उजवा पाय दुखायला लागतो आणि मग मी जागा होतो. हाक तात्यांची. कशासाठी मोकळं, हे ते सांगत नाहीत आणि मीही विचारत नाही. शेजार अकरा वर्षांचा. एवढ्या काळात त्यांनी माझ्याकडे उसने पैसे मागितले नाहीत, दाखल्यावर सही मागितली नाही, नातवाचे मार्क वाढवा म्हटलं नाही. मागितला तो फक्त उजवा पाय. गाडीच्या ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक खाली चाकापाशी, त्याला मिस्त्री म्हणतात. दुसरा वर सीटवर बसून पायडल दाबतो. त्याला काही म्हणत नाहीत, त्याच्यावर नुसतं ओरडतात.

आमचं गाव वरकुटे. बाहेरचा माणूस लगेच विचारतो, बुद्रुक की खुर्द? इंदापूर तालुक्यात दोन्ही आहेत, आणि माण तालुक्यातलं वरकुटे-मलवडी धरलं तर पत्र चुकायला आणखी एक जागा आहे. तात्या यांपैकी कुठले हे मी सांगणार नाही. प्रत्येक वस्तीवर एक तात्या असतोच, आणि हे आपल्यावरच लिहिलंय असं सगळ्यांना वाटलं तर माझी काही हरकत नाही.

तात्यांना गॅरेजचं वावडं आहे. चिक्कू म्हणाल तर तसं अजिबात नाही. पालखी इंदापूरला आली की टेम्पोभर केळी घेऊन जातात आणि हिशोब विचारत नाहीत. पण आपल्या वस्तूचा नट दुसऱ्याने फिरवावा, हे त्यांना सहन होत नाही. "घरी हुतंय की" हे त्यांचं पालुपद. मिक्सर घरी झाला. तो आता एकाच वेगाने फिरतो आणि त्या वेगाला चटणी भिंतीवर जाते. भिंतीवरचं घड्याळही घरीच झालं. ते चालतं, पण काकू पाहुण्यांना पाण्याचा तांब्या देतानाच सांगून ठेवतात, "त्यात बघू नका."

तात्यांच्या मते जगात बिघाड एकच. हवा. विहिरीवरची मोटर फिरते पण पाणी उचलत नाही: हवा. ठिबकच्या शेवटच्या ओळीला थेंब पडत नाही: हवा. डिझेल संपून ट्रॅक्टर बंद पडला, कॅन ओतला तरी चालू होत नाही: हवा. या तिन्ही ठिकाणी ते शंभर टक्के बरोबर असतात, हे मान्य केलं पाहिजे. ट्रॅक्टरची हवा काढताना त्यांना बघावं. फिल्टरवरचा बोल्ट दोन आटे ढिला करायचा, अंगठ्याने पंपाची कळ दाबत राहायची. आधी नुसता फुसफुसाट, मग साबणासारखा फेस, मग फेसात एकेक मोठा बुडबुडा, आणि मग एकदम नितळ धार. त्या धारेवरच बोल्ट आवळायचा, धार थांबायच्या आत. त्यांचा हात तेव्हा दूध काढणाऱ्याच्या हातासारखा हलका चालतो. रात्री दोनला कुणाचा ट्रॅक्टर उसाच्या ट्रॉलीसकट रस्त्यात अडला तर लोक तात्यांनाच उठवतात, आणि तात्या चहासुद्धा न घेता परत येतात.

पण गुणाचं खूळ व्हायला वेळ लागत नाही. काकूंचं पोट गच्च झालं की तात्यांचं निदान ठरलेलं. पंचायतीचा ठराव वर्षभर हलला नाही, "मधी कुठंतरी हवा धरलीया." निवडून आल्यावर एक मेंबर सरळ बोलेनासा झाला, तेव्हा तात्या पारावर म्हणाले, "त्येची दोन आटं ढिली करून काढाय लागंल." ती मात्र त्यांनी खरंच काढली, पण ती गोष्ट निराळी.

तर ब्रेक. तात्यांकडे आधी एक जुनी जीप होती. तिच्या ब्रेकची हवा वर्षातून दोनदा निघायची, म्हणजे माझा पाय वर्षातून दोनदा जायचा. सगळा थाट ठरलेला. कडुलिंबाखाली जीप, तीन चाकांना दगडाची उटी, पाण्याची रिकामी बाटली, आणि जनावरांच्या डॉक्टरांकडून मागून आणलेली सलाइनची नळी. नळीचं एक टोक चाकामागच्या निप्पलवर घट्ट, दुसरं बाटलीतल्या तेलात बुडवलेलं, म्हणजे बुडबुडे दिसतात आणि बाहेरची हवा सहजासहजी परत आत शिरत नाही. पायडलखाली काकूंचं धुण्याचं धोपाटणं. जुन्या मास्टर सिलिंडरचं पायडल पार तळाला आपटलं तर आतली रबरं फाटू शकतात, म्हणून ही तजवीज. धोपाटणं नेमकं त्याच दिवशी काकूंना लागायचं.

क्रम असा: वरच्याने दोनचार वेळा पायडल मारायचं आणि दाबून धरायचं. खालच्याने निप्पल पाव आटा सोडायचा. हवा-तेल बाहेर पडतं, पायडल खाली जातं. खालच्याने निप्पल आवळायचा. त्यानंतरच, आणि त्यानंतरच, वरच्याने पाय उचलायचा. निप्पल उघडा असताना पाय उचलला तर गेलेली हवा परत आत ओढली जाऊ शकते.

आता भाषेची गंमत बघा. तात्या गाडीखालून ओरडतात, "सोडला!" म्हणजे निप्पल सोडला, तुम्ही पाय धरून ठेवा. कडुलिंबावर कावळे, शेजारच्या शेडात कोंबड्या, रस्त्याने ट्रॅक्टरवर गाणी. मला ऐकू येतं, "सोडा!" मी शिक्षक माणूस, सांगितलं की ऐकतो. सोडतो. खालून बाटलीत गुडगुड आवाज येतो आणि मग तात्यांचा, "गुरुजी! सोडा न्हाय, सोडला! पोरांना काळ शिकवता ना तुमी?" अकरा वर्षं मी व्याकरणाचा गुन्हेगार आहे. "वेगळा शब्द ठेवू या का?" असं मी एकदा सुचवलं. तात्या म्हणाले, शब्द बरोबर आहे, ऐकणाऱ्यात हवा आहे.

जीप गेली आणि लेकाची गाडी आली. लेक चाकणला नोकरीला. त्याने जुनी पण चांगली मोटार घेतली, दोन वर्षं वापरली आणि गावी ठेवली. पांढरी, स्वच्छ, एबीएसवाली. तेल बदलायची वेळ झाली होती. ब्रेक ऑइल हे आषाढातल्या गुळासारखं असतं. उघडं दिसो न दिसो, हवेतला ओलावा ओढत राहतं. डॉट फोर जातीचं तेल नवं असताना २३० अंशांच्या आत उकळत नाही, पण पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. दिवे घाट उतरताना ब्रेक तापले आणि तेलात वाफ धरली तर पायडल पायाखालून निघून जातं. म्हणून बहुतेक गाड्यांना दोन वर्षांनी तेल बदला म्हणतात. गॅरेजने बाराशे रुपये सांगितले.

"बाराशे?" तात्या म्हणाले. "हितनं वालचंदनगर किती लांब हाय? तिथं इस्रोच्या रॉकेटचं भाग हुत्यात. आन् आपुन ब्रेकातली हवा काढाय बाराशे मोजायचं?"

या युक्तिवादाला उत्तर नाही. असलं तरी सकाळी सात वाजता सुचत नाही.

लेकाने फोनवरून सांगितलं, "तात्या, हात लावू नका, तिला एबीएस आहे." तात्यांनी फोन माझ्याकडे दिला, कारण इंग्रजी अक्षरं माझ्या खात्यात येतात. मी समजावलं. ब्रेक गच्च दाबला की चाक जागीच अडकतं आणि गाडी घसरत जाते, वळवली तरी वळत नाही. म्हणून प्रत्येक चाकाशी वेग मोजणारा एक सेन्सर असतो. चाक अडकतंय असं दिसलं की बॉनेटखालचा ठोकळा त्या चाकाचा दाब क्षणभर कमी करतो, परत देतो, परत कमी करतो. बॉशने १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये आपलं एबीएस बाजारात आणलं आणि आज त्याच बॉशच्या चाकणच्या कारखान्यात असे ठोकळे तयार होतात. २०१९ च्या एप्रिलपासून तर आपल्याकडे नव्या मोटारींना ते सक्तीचंच आहे, १२५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलींनाही.

तात्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजी कासरा."

"कासरा?"

"उताराला भरली बैलगाडी. कासरा गच्च वढून धरला तर बैल खूर रवतो आन् घसरत जातो. शाणा गाडीवान काय करतो? वढ-सोड, वढ-सोड."

मी वर्गात हा विषय कधी शिकवला तर असाच शिकवीन. फरक एवढाच की ठोकळा ही ओढ-सोड सेकंदाला दहा-पंधरा वेळा करतो. "ए बी एस," तात्या पुढे म्हणाले. "आपलं बघून सोडा. कंपनीनंच लिवलंय." आणि पाना उचलला.

सुरुवात उत्तम झाली. तात्यांनी सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात केली. आपल्याकडे स्टिअरिंग आणि मास्टर सिलिंडर उजवीकडे, म्हणून मागचं डावं चाक आधी. (सगळ्याच गाड्यांत हा क्रम नसतो. काहींच्या नळ्या तिरक्या जोडलेल्या असतात, तेव्हा गाडीचं पुस्तक बघावं. तात्यांनी पुस्तक जॅकखाली घातलं होतं.) "टेलला आधी," ते म्हणाले. इंदापूर तालुका नीरेच्या डाव्या कालव्याच्या टेलला. टेलला आधी पाणी, हे वाक्य आम्ही भाषणात ऐकलेलं, प्रत्यक्षात प्रथमच मोटारीत पाहिलं.

कामं वाटली गेली. मी पायडलवर. आठवीतला नातू बॉनेट उघडून तेलाच्या डब्यावर, पातळी खालच्या रेघेकडे गेली की नवं तेल ओतायला. सांडू नको, रंग उचलतं, असं त्याला बजावलं, तोवर मडगार्डवर थेंब पडला होता. निप्पलमधून आधी चहाच्या रंगाचं तेल आलं, मग उसाच्या रसाच्या, मग हळूहळू गोडेतेलासारखं. मागची दोन्ही चाकं झाली. तात्या खूष. पुढच्या डाव्या चाकाला त्यांनी निप्पल जरासा सोडून ठेवला आणि म्हणाले, "आता नळी तेलात बुडलीया, गुरुजी. तुमी नुसतं सावकाश मारत ऱ्हावा."

तेवढ्यात वस्तीवरून आरोळी आली, "लाइट आलीऽऽ!"

शेतीची थ्री-फेज लाइट आली की आमच्याकडे माणूस तोंडातला घास ठेवून पळतो. तात्या पळाले. आजोबा पळाले म्हणून नातू पळाला. मी पळालो नाही. मला सांगितलं होतं, मारत राहा.

मी मारत राहिलो.

पहिली पाच मिनिटं पायडल ठीक होतं. मग ते मऊ वाटलं, भिजवलेल्या भाकरीसारखं. मला वाटलं, हवा निघतेय, छान. डब्याकडे कुणी नव्हतं. तेल कमी झाल्याचा लाल दिवा डॅशबोर्डवर असतो खरा, पण किल्ली बंद असली की तो लागत नाही. आणि किल्ली बंद होती. विहिरीवरच्या मोटरनेही नेमकी हवा धरली होती. ती काढून, पाइपात पाणी भरून तात्या चाळीस मिनिटांनी परत आले. डबा कोरडा ठणठणीत होता. मी अजून मारत होतो.

तात्या माझ्यावर रागावले नाहीत. ते माझ्या पायाकडे नुसते बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

नंतर दुपारपर्यंत आम्ही चारही चाकं तीनदा फिरलो. नातवाने सायकलवर जाऊन तेलाचे आणखी तीन डबे आणले. निप्पलमधून नितळ धार, एक बुडबुडा नाही, आणि पायडल तरीही स्पंजासारखं. जीपच्या जमान्यात असं कधी झालं नव्हतं. नितळ धार म्हणजे काम झालं, हा तात्यांच्या आयुष्याचा पाया. तो हलला. ते निप्पलकडे बघत, नळीकडे बघत, मग बराच वेळ त्या बॉनेटखालच्या ठोकळ्याकडे बघत. ठोकळ्याला सहा पोलादी नळ्या आणि एक जाडजूड वायर. ठोकळ्यावर बोट ठेवून तात्या हळूच म्हणाले, "हितं हाय ती."

तिथेच होती. डबा कोरडा पडला तेव्हा हवा मास्टर सिलिंडरमधून थेट ठोकळ्यात गेली होती. ठोकळ्यातले काही व्हॉल्व्ह एरवी बंदच असतात. एबीएस काम करतं तेव्हाच ते उघडतात. बंद दाराआड बसलेल्या हवेला चाकाकडच्या धारेचा पत्ताच नसतो. तिथे पाय कितीही मारा. ठोकळा पायाचं ऐकत नाही, त्याला स्कॅनर लावून हुकूम द्यावा लागतो, मग पंप फिरतो आणि व्हॉल्व्ह उघडतात. नुसतं तेल बदलायचं होतं आणि डबा भरलेला ठेवला असता तर पुष्कळ गाड्यांत हे सगळं लागलंच नसतं. हे मला रात्री कळलं. दुपारी अडीचला पारावरून आलेला सल्ला निराळा होता: मुरमाच्या रस्त्यावर गाडी पळवा, कचकन ब्रेक मारा, एबीएस आपोआप चालू होईल, हवा निघेल.

तात्यांचे डोळे चमकले. सल्ला अगदीच खोटा नव्हता. ठोकळा खरंच तसा चालू होतो, आणि मुरमाचा रस्ता तर आमच्याकडे चारी बाजूंनी आहे. तात्यांनी किल्लीला हात घातला तर किल्ली जागेवर नव्हती. ती काकूंच्या कनवटीला होती.

"दे," तात्या म्हणाले.

"ब्रेक लागत न्हाय म्हणून गाडी दुरुस्तीला काढली ना?"

"व्हय."

"आन् आता ब्रेक लागतुय का बघायला ती पळवायची?"

तात्या धोपाटण्याकडे बघत राहिले. काकूंनी धोपाटणंही उचलून नेलं.

दुसऱ्या दिवशी इंदापूरहून मोटारसायकलवर एक पोरगा आला, वीस-बावीसचा, पाठीवर दप्तर. गाडी उचलून न्यायला ट्रक आणायचा की पोराला घरी बोलवायचं, यावर तात्यांनी दुसरा पर्याय निवडला. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या काम घरीच झालं. पोराने दप्तरातून पाटीएवढं यंत्र काढलं आणि स्टिअरिंगखाली त्याची वायर खोचली. पडद्यावर दोनदा बोट लावलं, आणि बॉनेटखालून टर्रर्र असा आवाज आला. तात्या दोन पावलं मागे सरले. इतकी वर्षं ते यंत्रांशी बोलत होते, एखादं यंत्र उलट बोललं ते पहिल्यांदाच.

"पायडलवर कोण बसतंय?" पोराने विचारलं.

मी पुढे झालो. ओट्यावरून काकू म्हणाल्या, "गुरुजींचा पाय सुजलाय. त्येंना बसवा."

तात्या जन्मात पहिल्यांदा वरच्या जागेवर बसले. पाय ताठ, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर, जणू गाडी पुण्याला निघालीय. पोरगा मागच्या डाव्या चाकाशी वाकला. दाबा, म्हणाला. तात्यांनी दाबलं. धरा. धरलं. ठोकळा टर्रर्र वाजत होता, कडुलिंबावर कावळे होते, रस्त्याने ट्रॅक्टर चालला होता.

"सोडला!" पोरगा खालून ओरडला.

तात्यांनी पाय उचलला.

बाटलीत गुडगुड झाली. पोरगा हळूच डोकं बाहेर काढून म्हणाला, "तात्या, मी सोडला म्हणालो. सोडा न्हाय." तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पंढरपूरच्या दिशेला बघत होतो. अकरा वर्षांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

नंतर पोराने शब्दच टाकून दिले. मडगार्डवर एक टिचकी म्हणजे दाबा, दोन टिचक्या म्हणजे सोडा. पाऊण तासात काम संपलं. ठोकळ्यातून गढूळ फेसाचे दोन-तीन गठ्ठे निघाले आणि पायडल वितीच्या वितीवर दगडासारखं थांबलं. पोराने गाडी आधी अंगणात, मग वस्तीच्या सपाट रस्त्यावर पायी चालायच्या वेगाने नेऊन बघितली आणि मगच पैसे घेतले. चार डबे तेल, पोराची मजुरी, मडगार्डचा रंग धरून एकतीसशे झाले. बाराशे वाचवायला. हा हिशोब मी काढलेला नाही, काकूंनी खडूने दारावर लिहून ठेवलाय आणि पुसू देत नाहीत.

तात्यांनी पैसे देताना पोराला विचारलं, "ह्ये यंत्र केवढ्याला पडतं?" आतून तवा जोरात आदळल्याचा आवाज आला. पोरगा शहाणा, त्याने किक मारली.

आता एक काम उरलंय आणि ते मला जमणारं नाही. चौथ्या डब्यातलं निम्मं तेल शिल्लक राहिलं. तात्यांनी त्याचं बूच घट्ट लावलं, वर प्लास्टिकची पिशवी बांधली आणि दोन वर्षांनी उपयोगी पडेल म्हणून फडताळात हिंगाच्या डबीशेजारी ठेवलं. एकदा उघडलेलं ब्रेक ऑइल असं साठवून वापरायचं नसतं, ते बंद डब्यातही पाणी धरून बसलेलं असतं, आणि हिंगाशेजारी तर ठेवायचंच नसतं. तुमच्यापैकी कुणी वरकुट्याला आलात तर एवढं त्यांना सांगा. फक्त सकाळी सातच्या आधी जाऊ नका, आणि मोकळं हाय का विचारलं तर नाही म्हणा.